शेवटच्या पानावरची नावं

मुंबई विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही 'ब्लॅक बुक' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा काळ्या कव्हरचा, सोनेरी अक्षरांचा, हार्डबाउंड रिपोर्ट. सुरुवातीला सर्टिफिकेट आणि आभार, मग लिटरेचर सर्व्हे, मग डायग्राम्स आणि स्क्रीनशॉट्स, आणि अगदी शेवटी रेफरन्सेस. हे शेवटचं पान बहुतेक ग्रुपमध्ये बाइंडिंगवाल्याकडे जायच्या आदल्या रात्री तयार होतं. जो जागा असेल तो ते करतो.

आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये ते काम माझ्याकडे होतं. बाकीच्या तिघांना डेमो चालतो की नाही याची काळजी होती, आणि मला याद्या करायला आवडतात, एवढंच कारण. मी आयईईईची पद्धत शिकून घेतली. मजकुरात चौकोनी कंसात आकडा टाकायचा, आकडे ज्या क्रमानं येतील त्याच क्रमानं शेवटी यादी लावायची. लेखाचं नाव अवतरणचिन्हांत, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत. लेखकाच्या नावाची आधी आद्याक्षरं, मग आडनाव.

नमुना म्हणून मी लायब्ररीतली जुनी ब्लॅक बुक्स काढून बसले, तेव्हा एक गंमत दिसली. आमच्यासारख्याच विषयावरच्या, तीन वेगवेगळ्या वर्षांच्या रिपोर्टमध्ये एकच पेपर होता आणि तिन्ही ठिकाणी लेखकाच्या आडनावात एकच अक्षर चुकलेलं होतं. मी तो पेपर शोधून काढला. आडनाव तर वेगळं निघालंच. पण तिन्ही रिपोर्टमध्ये ज्या वाक्यापुढे त्याचा आकडा होता, तसं काही त्या पेपरात म्हटलेलंच नव्हतं. कुणीतरी पहिल्यांदा चुकलं होतं आणि पुढच्यांनी ती चूक जशीच्या तशी वारशात घेतली होती.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी आमचं शेवटचं पान उघडलं, बोट वरून खाली फिरवलं आणि विचारलं, "आयईईई फॉरमॅट ना?" मी म्हटलं, "हो सर." पान मिटलं. यादीतला एखादा पेपर कशाबद्दल आहे, हे विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं. पण ते कुणालाच नको होतं.

पुढे कळलं, हा प्रकार फक्त आपल्याकडच्या कॉलेजांत चालतो असं नाही. २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी संदर्भांतल्या छपाईच्या चुका मोजल्या होत्या. भौतिकशास्त्रातला एक गाजलेला पेपर त्यांनी घेतला. चार हजारांहून जास्त ठिकाणी त्याचा संदर्भ होता आणि त्यातल्या १९६ ठिकाणी खंड, पान किंवा वर्ष असं काहीतरी चुकलं होतं. पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५. एकच चूक तर ७८ वेळा आली होती. ७८ माणसं स्वतंत्रपणे एकाच तऱ्हेनं चुकत नाहीत. ती एकमेकांची यादी बघून उतरवतात. त्यावरून त्या दोघांनी अंदाज बांधला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण वीस टक्केच लोक मूळ लेख वाचत असावेत.

मी आता पुण्यात बॅकएंडचं काम करते. आमच्याकडे गिटमध्ये 'ब्लेम' नावाची कमांड असते. ती चालवली की फाइलमधली प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, कुठल्या बदलात लिहिली हे समोर येतं. नाव जरा भांडखोर आहे, पण रोजचा उपयोग साधा असतो: ही ओळ अशी का आहे हे कुणाला विचारायचं ते कळतं. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उत्तर घेतलं तर आम्ही वर कॉमेंटमध्ये लिंक टाकतो. तिथल्या लायसन्सची अट आहेच. शिवाय सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता ते फंक्शन बिघडलं, तर पुढच्या माणसाला मूळ चर्चा सापडायला हवी. संदर्भ देणं मला तेव्हापासून असंच दिसतं. मी ज्या वाटेनं आले ती वाट तुम्हालाही चालून बघता यावी. स्वल्पविराम आणि तिरपी अक्षरं हे त्या वाटेवरचे मैलाचे दगड. ते नीट हवेत, नाहीतर माणूस हरवतो. पण दगड रंगवले म्हणजे रस्ता झाला असं नाही.

रस्ता नसला की काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. जानेवारी १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये संपादकांना लिहिलेलं एक पत्र छापून आलं. पाच वाक्यांचं. बोस्टनमधल्या पोर्टर आणि जिक यांनी लिहिलं होतं की, हॉस्पिटलमध्ये दाखल असताना अफूच्या जातीची वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत, आधी व्यसन नसलेल्यांपैकी व्यसन जडल्याच्या नीट नोंदलेल्या केसेस फक्त चार सापडल्या. बस. हॉस्पिटलच्या खाटेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असलेली माणसं. त्यांना घरी गोळ्या देऊन महिनोन्‌महिने घ्यायला सांगितलं तर काय होईल, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं.

२०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी याच जर्नलमध्ये त्या पत्राचा हिशेब मांडला. त्याचे ६०८ संदर्भ सापडले. त्यातल्या ७२ टक्के लेखांनी ते 'या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. रुग्ण हॉस्पिटलमध्ये दाखल होते, ही गोष्ट ८० टक्क्यांहून जास्त लेखांनी सांगितलीच नव्हती. दरम्यान अमेरिकेत या गोळ्यांच्या व्यसनानं लाखो माणसं गेली. ते सगळं एका पत्रामुळे झालं नाही; औषध कंपन्यांची जाहिरातबाजी होती, इतर कारणं होती. पण '१९८०, पोर्टर आणि जिक' एवढे शब्द कंसात दिसले की वाचणारा मान डोलावत राहिला. सगळ्या ठिकाणी फॉरमॅट बरोबर असणार, याबद्दल मला शंका नाही.

दुसरं उदाहरण हसवणारं आहे. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेनं लेखकांना संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी एक नमुना दिला होता. व्हॅन डर गीअर आणि आणखी दोघे लेखक, 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाचं शीर्षक, खाली जर्नलचं नाव, खंड, पानं. असा लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. त्या नावाचं जर्नलही नव्हतं. नेदरलंड्समधले संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रूननबर्ग यांच्या ते लक्षात आलं आणि ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये त्यावर लिहिलं. तोपर्यंत त्या नसलेल्या लेखाचे जवळपास चारशे संदर्भ जमले होते, बहुतेक कॉन्फरन्स पेपर्समध्ये. लोकांनी टेम्प्लेट उघडलं, वरचा मजकूर बदलला आणि खालचा नमुना तसाच राहिला.

आता हे काम यंत्रही करतं. चॅटबॉटला संदर्भ मागा. तो खऱ्या वाटणाऱ्या लेखकांची, खऱ्या वाटणाऱ्या जर्नलची, पान नंबरासकट नेटकी यादी देतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी अशाच न झालेल्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलर्सचा दंड भरला. खोटा संदर्भ ओळखायची युक्ती मात्र जुनीच आहे. डीओआय असेल तर तो उघडा, नसेल तर शीर्षक शोधा, आणि जे वाक्य तुम्ही त्याच्या नावावर लिहिताय ते त्याच्यात आहे का ते बघा. एका संदर्भाला पाच-दहा मिनिटं लागतात. झोटेरोसारखं फुकट सॉफ्टवेअर यादी मांडून देईल. ही पाच-दहा मिनिटं मात्र आपलीच जायला हवीत.

हे सगळं बराच काळ माझ्यासाठी दुरून बघायचं कुतूहल होतं. मग माझ्या मामेबहिणीचा फोन आला.

ती मराठीत एम.ए. करत होती. लघुप्रबंधाचा विषय होता भोर तालुक्यातल्या तिच्या गावातल्या जात्यावरच्या ओव्या. गावातल्या नऊ म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं. "ताई, तुला ते यादी लावायचं सॉफ्टवेअर येतं ना? मला फक्त संदर्भसूची करून दे," ती म्हणाली. तिच्या मनात दुसरीच भीती होती. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. दहा ते चाळीसच्या मध्ये गेलं तर सहा महिन्यांत सुधारून द्यावा लागतो, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. विद्यार्थ्यांच्या तोंडी सगळा वेळ टक्केच असतात. संदर्भ का द्यायचे? टक्के कमी यावेत म्हणून. पण सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं. शब्द बदलून विचार उचलला तर त्याला पत्ता लागत नाही.

छापील पुस्तकांची यादी मी आनंदानं हातात घेतली, आणि पहिल्याच दिवशी अडले. माझ्या स्क्रिप्टनं क्षीरसागर यांना कोलते आणि खरे यांच्या मध्ये बसवलं. युनिकोडमध्ये 'क्ष' हे वेगळं अक्षर नाही. क, हलन्त आणि ष मिळून तो होतो, म्हणून तो 'क'च्या शेपटाला जातो. 'ज्ञ' तसाच 'ज'च्या मागे. शाळेत आपण शिकलो ते ळ, क्ष, ज्ञ. बहिणीच्या परीक्षकांचं बोटही आधी शेवटीच जाणार. त्या दोन अक्षरांसाठी मी वेगळा नियम लिहिला. काही जुन्या पुस्तकांवर फक्त शकाचं वर्ष होतं. त्यात ७८ मिळवायचे. पण पौषानंतर छापलं असेल तर ७९, कारण शकाचं वर्ष चैत्रात बदलतं. तळटीपांतलं 'तत्रैव' म्हणजे वरचंच पुस्तक, हेही मला तेव्हाच कळलं.

मग नावं. कॉलेजनं एपीए शैली सांगितली होती, म्हणजे आडनाव आणि पुढे फक्त आद्याक्षर. आता धोंडो केशव कर्वे, त्यांचे चिरंजीव रघुनाथ आणि सून इरावती या तिघांची पुस्तकं एका यादीत आणून बघा. 'कर्वे, इ.' एवढं वाचून ही बाई आहे हे नवख्या वाचकाला कळणार नाही. इंग्रजीत नाव झाकल्यामुळे पक्षपात टळतो असं म्हणतात, आणि असेलही. पण ओव्यांवरच्या प्रबंधात, जिथे सगळा मुद्दाच कोण गातंय हा आहे, तिथे मला ते खटकलं. बहिणीला तर फारच. तिनं मार्गदर्शक मॅडमना विचारलं आणि पूर्ण नावं ठेवायची परवानगी मिळवली.

खरा पेच पुढे होता. त्या नऊ बायका संदर्भसूचीत कुठेच नव्हत्या.

एपीएचा नियम असा: मुलाखत, पत्र, फोनवरचं बोलणं या गोष्टी वाचकाला पुन्हा मिळवता येत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख फक्त मजकुरात करायचा, शेवटच्या यादीत नाही. आणि तुम्ही संशोधनासाठीच ज्यांच्याशी बोललात ती माणसं तर स्रोतही नाहीत. ती तुमची 'सामग्री'. मॅडमनी सांगितलं होतं, "निवेदक एक, निवेदक दोन असं लिही. त्यांची ओळख जपायला हवी." यात मॅडमचं चूक काही नव्हतं. आजारपणाबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल बोलणाऱ्या बाईचं नाव झाकणं हे संशोधकाचं कर्तव्यच आहे.

पण बहीण रात्री फोनवर म्हणाली, "ताई, ओव्यांवर लिहिणाऱ्या प्राध्यापकांचं नाव यादीत येणार, आणि ओवी जिची तिला नंबर. हे कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मला जमतं ते केलं, शोध घेतला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो संग्रह आता 'पारी'च्या संकेतस्थळावर आहे. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. म्हणजे आपल्याच घरात हा पायंडा पडलेला होता. दुसरं सापडलं ते कॅनडातलं. लोरिसिया मॅक्लाउड या मूलनिवासी ग्रंथपाल. ज्यांचं ज्ञान लिहिलेलं नाही अशा आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्यांचा संदर्भ कसा द्यावा, याचे एपीए आणि एमएलए या दोन्ही शैलींतले नमुने त्यांनी केले. नाव, समाज, राहण्याचं ठिकाण, कशाबद्दल बोलणं झालं, तारीख. आणि ती नोंद शेवटच्या यादीत, पुस्तकांच्या बरोबरीनं.

दोन्ही लिंका मी बहिणीला पाठवल्या. तिनं त्या मॅडमना दाखवल्या. मॅडमनी सगळं वाचून एकच प्रश्न विचारला: "नाव छापायला त्या बायकांनी हो म्हटलंय का?"

विचारलं नव्हतं. रेकॉर्डिंगला त्यांची हरकत नव्हती, पण नाव छापायचं हे वेगळं. म्हणून बहीण पुन्हा एकेकीच्या घरी गेली. एका शनिवारी मीही गेले. नऊपैकी सहा जणी लगेच हो म्हणाल्या. एकीनं मुलाला विचारून सांगते म्हटलं आणि मग नको म्हणाली. तिच्या ओव्यांत सासूबद्दल बरंच काही होतं. तिचं नाव अर्थातच नाही. एकीनं अट घातली की वय लिहायचं नाही.

नवव्या आजी दारातच निवडण करत बसल्या होत्या. बहिणीनं नीट समजावलं: आजी, तुमच्या ओव्या पुस्तकात येतील, खाली तुमचं नाव येईल, चालेल का? आजींनी सूप बाजूला ठेवलं.

"माझं कशापायी लिवतीस? मी काय रचल्यात व्हय? आयनं शिकवल्या मला. लिवायचं तर तिचं लिव."

बहीण माझ्याकडे बघायला लागली. एपीएमध्ये यालाही नियम आहे. मूळ लेख तुम्ही वाचला नसेल, दुसऱ्याच्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचला असेल, तर तसं स्पष्ट लिहायचं: अमुक यांचं म्हणणं, तमुक यांच्याकडून उद्धृत. विद्यार्थ्यांना हा नियम सगळ्यात नकोसा वाटतो, कारण त्यात आपण मूळ वाचलेलं नाही हे उघड होतं. पोर्टर आणि जिक यांचा उल्लेख करणाऱ्यांनी तो पाळला असता, तर वाचणाऱ्याला निदान कळलं असतं की हे ऐकीव आहे. आजींना आपल्या पदरी दुसऱ्याचं काही घ्यायचं नव्हतं, एवढंच. जे जिथून आलं ते तिथलं.

"मग आईचं नाव काय, आजी?" मी विचारलं.

त्यांनी दोन नावं सांगितली. एक माहेरचं, एक लग्नात बदललेलं. गावात सासरचंच चालायचं. पण जात्यावर बसली की आई स्वतःचा उल्लेख माहेरच्या नावानं करायची, असं त्या म्हणाल्या. कुठलं लिहायचं? आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. "दोन्ही लिव. तिला दोन्ही व्हती."

संदर्भशैलीला हा प्रश्न नवा नाही. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या संशोधक बायकांचं काम दोन नावांत विभागलं जातं. त्यावर उपाय म्हणून २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो. नाव काहीही झालं तरी तो बदलत नाही. माझ्या कंपनीत लग्नानंतर ईमेल आयडी बदललेल्या दोघी जणी आहेत, आणि ब्लेम चालवलं की त्यांचा जुना कोड मला आजही जुन्या नावानंच दिसतो. आजींच्या आईसाठी आम्ही दोन नावांच्या मध्ये 'ऊर्फ' घातलं.

प्रबंध छापून आला तेव्हा संदर्भसूचीचे तीन भाग होते: ग्रंथ, नियतकालिकं आणि मौखिक स्रोत. तिसऱ्या भागात आठ नोंदी. नाव, गाव, कुठे आणि कोणत्या तारखेला ऐकलं. नवव्या बाईच्या ओव्या मजकुरात आहेत, तिनं मागितल्याप्रमाणे नावाशिवाय. व्हायवात परीक्षकांनी या भागावर वीसेक मिनिटं घालवली. एपीएत हे बसत नाही असं ते म्हणाले, आणि मग आपल्या आईच्या ओव्यांबद्दल बोलत राहिले. मार्क कापले की नाहीत, ते कळायला मार्ग नाही.

ती नावं मी इथे लिहिलेली नाहीत, कारण ती त्यांनी बहिणीच्या प्रबंधासाठी दिली होती, माझ्या लेखासाठी नाही. पण त्या यादीतली एक नोंद कशी आहे तेवढं सांगते. आधी आजींच्या आईची दोन्ही नावं. पुढे, 'लेकीकडून ऐकलेल्या ओव्या'. मग लेकीचं नाव, गाव, तालुका भोर, जिल्हा पुणे, आणि त्या शनिवारची तारीख.